औषधाचा भाव विचारायला लाज कसली?



"औषधात कसला चिकटपणा करायचा?" हे वाक्य गेल्या वर्षभरात मी इतक्या जणींच्या तोंडून ऐकलंय की आता त्यावर लिहायलाच हवं. मंडळाच्या बैठकीत, बस्तीच्या पायरीवर, लग्नाच्या पंगतीत, कुठेही औषधाच्या खर्चाचा विषय निघाला आणि मी "कमी भावाची आहे का विचारलंस का?" असं म्हटलं, की समोरची गप्प होते. जणू मी तिला आजारी माणसाच्या तोंडचा घास काढून घ्यायला सांगितलंय.

अहो, आपण कोण? दहाच्या जुडीला आठ म्हणणाऱ्या. साडीच्या दुकानात पदर उलटा करून धागा बघणाऱ्या. सोनाराकडे मजुरी ग्रॅमवर की टक्क्यांत, हे कळल्याशिवाय बैठक न सोडणाऱ्या. आणि ह्याच आपण मेडिकलच्या काउंटरवर पिशवी हातात पडली की मुकाट्याने आकडा बघतो, पैसे मोजतो, आणि "दहा टक्के सूट दिली हं काकू" एवढ्यावर खूश होऊन घरी येतो. दहा टक्के कशावर सोडले, हे कुणी विचारत नाही.

गंमत म्हणजे आपल्याला त्या दुकानात प्रश्न विचारता येत नाहीत असंही नाही. कॅप्सूल दिली की आपण लगेच विचारतो, "कवच जिलेटिनचं आहे का? असलं तर गोळी द्या." जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यांतून काढतात, आपल्याला चालत नाही, आणि हे विचारताना एकही बाई लाजत नाही. दुकानदार कपाळाला आठ्या घालतो, पण खोकं उलटसुलट करून वाचतो, कंपनीच्या माणसाला फोन लावतो, वनस्पतीजन्य कवचाची शोधून देतो. म्हणजे विचारलं की मिळतं. मग त्याच दमात "ह्याच औषधाची स्वस्तातली कोणती?" एवढं म्हणताना जीभ का अडखळते?

प्रत्येक गोळीला दोन नावं असतात, एवढं आधी पक्कं समजून घ्या. एक आतल्या द्रव्याचं खरं नाव आणि दुसरं कंपनीने ठेवलेलं लाडाचं नाव. रक्तदाबाची टेल्मिसार्टन घ्या. टेल्मिसार्टन हे द्रव्य. ते कितीतरी कंपन्या कितीतरी नावांनी विकतात, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर बहुधा त्यातलं एखादं लाडाचं नाव असतं. आपल्या सांगली-कोल्हापूरकडच्या बायकांना हे साखरेवरून चटकन समजेल. कारखान्यातून पोती निघतात. कुणी ती सुटी किलोने विकतो, कुणी चकचकीत पाकिटात भरून वर नाव छापतो. चहा तेवढाच गोड होतो. गोळ्यांच्या स्ट्रिपची मागची बाजू चष्मा लावून वाचा. बऱ्याचदा बनवणारी कंपनी एक असते, पत्ता हिमाचलमधल्या बद्दीचा नाहीतर सिक्कीमचा असतो, आणि विकणारी म्हणून मोठ्या नावाची दुसरीच कंपनी असते. म्हणजे इथेही पाकीट भरणारा निराळा.

आमच्या घरात आता दोनच माणसं, दोघंही साठीपलीकडची. ह्यांना साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल, मला रक्तदाब आणि थायरॉइड. मी खर्चाची वही ठेवते, ती सवय कॉलेजपासूनची. ब्रँडच्या गोळ्यांचं महिन्याचं बिल तीन हजार चारशेच्या घरात जायचं. डॉक्टरांशी बोलून ज्या बदलता येतात त्या सगळ्या बदलल्यावर तेच साडेनऊशेवर आलं. थायरॉइडची बदललेली नाही, त्याचं कारण पुढे येईल. ह्यांची साखर, दोघांचे रक्तदाब पूर्वी होते तिथेच आहेत. तपासणीचे कागद फाइलला लावलेत.

एका द्रव्याचा भाव कसा वरखाली होतो ते बघायचं असेल तर साखरेवरची एम्पाग्लिफ्लोझिन बघा. मार्च २०२५ मध्ये तिचं पेटंट संपलं. तोवर मूळ कंपनीची एक गोळी साठ रुपयांच्या आसपास पडायची. पेटंट संपताच अनेक भारतीय कंपन्यांनी ती बाजारात आणली आणि काहींची गोळी दहा रुपयांच्या आत मिळू लागली. ह्या कंपन्या धर्मादाय नाहीत, त्या भावातही त्यांचं भागतं. पण अजूनही कुणी आदल्या वर्षीची चिठ्ठी दाखवून जुन्याच नावाची गोळी मागत राहिलं, तर बाजारात काय बदललं ते त्याला कोण सांगणार?

तर हा चिकटपणाचा प्रश्न नाही. औषध महाग असलं की घरात काय होतं, ते तुम्हाला माहीत आहे आणि मलाही. पैसे कमी पडले की पहिली गोळी कुणाची बंद होते? नवऱ्याची नाही, मुलाची नाही, सासूबाईंचीही नाही. माझ्या ओळखीतल्या एक अक्का रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड घ्यायच्या. दोन वर्षं हे चाललं होतं आणि घरात कुणाला पत्ता नव्हता. नवऱ्याच्या हृदयाच्या गोळ्या मात्र डबीत वारानुसार लावलेल्या. त्यांना विचारलं तेव्हा म्हणाल्या, "माझं काय बाई, मला तसा काही त्रास होत नाही." रक्तदाबाचा त्रास होत नसतोच, होतो तेव्हा एकदम होतो. आज त्यांचा उजवा हात चालत नाही, सून भरवते. त्यांची स्ट्रिप आणि जनऔषधी केंद्रातली स्ट्रिप ह्यांच्या किमतीतला फरक महिन्याला दोनशे रुपयेही नव्हता.

काही जणी तर ह्यावर धर्माचं पांघरूण घालतात. "एकाशन चालू आहे म्हणून गोळ्या थांबवल्यात." एकाशनात गोळीची वेळ बदलून घेता येते का, हे डॉक्टरांना विचारा ना. पैसे वाचवायला बंद केलेल्या गोळीला तप म्हणायचं नसतं.

मग राग कुणावर धरायचा? आधी नियम करणाऱ्यांवर. आम्हाला बी.कॉम.ला कॉस्टिंग शिकवलं तेव्हा आधी खर्च मांडा, मग त्यावर नफा चढवा, असं शिकवलं होतं. १९९५ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशात साधारण हीच रीत होती. २०१३ च्या आदेशाने ती सोडून दिली. आता अत्यावश्यक यादीतल्या औषधाची कमाल किंमत ठरवायची तर बाजारात एक टक्का किंवा त्याहून जास्त वाटा असलेल्या ब्रँडांच्या किमतींची सरासरी काढतात आणि वर दुकानदाराचे सोळा टक्के घालतात. गोळी बनवायला किती पैसे लागले, हा प्रश्न त्या हिशोबात कुठेच येत नाही. सगळ्यांनी मिळून भाव फुगवलेला असेल तर सरासरीही फुगलेलीच निघणार, हे सांगायला कॉमर्सची पदवीसुद्धा लागत नाही.

आणि हे झालं यादीतल्या औषधांचं. २०२२ च्या यादीत ३८४ औषधं आहेत. यादीबाहेरच्यांना कमाल किंमत अशी नाहीच, वर्षात दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नका एवढंच बंधन. (आपल्या ठेवीवर सात टक्के देताना बँकेला घाम फुटतो, इथे दहाची मुभा आहे.) शिवाय यादीतल्या औषधात आणखी एखादं मिसळून जोडगोळी केली की ती बऱ्याचदा यादीतून निसटते.

सरकारला जमत नाही म्हणावं तर तसंही नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये हृदयाच्या स्टेंटची किंमत बांधली. औषध लावलेल्या स्टेंटला २९,६०० रुपये आणि साध्या धातूच्या स्टेंटला ७,२६० रुपये. त्याआधी एकेका स्टेंटला लाखाच्या वर मोजलेली घरं आपल्या समाजातही आहेत. २०१९ मध्ये कॅन्सरच्या ४२ औषधांवरचा व्यापारी नफा तीस टक्क्यांवर बांधला. मनात आणलं की होतं. मग साखर-रक्तदाबाच्या, रोज लागणाऱ्या सगळ्याच गोळ्यांना तो नफ्याचा बांध का नाही? सप्टेंबर २०२५ मध्ये औषधांवरचा जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आणला, चांगलं झालं. पण ज्या गोळीची किंमतच पाचपट आहे तिथे सात टक्क्यांनी काय होणार?

आता ज्या हुशार मैत्रिणी दुकानात जाऊन "जेनेरिक द्या" म्हणतात त्यांच्यासाठी एक इशारा. मेडिकलमध्ये आणखी एक प्रकार मिळतो, त्याला त्या धंद्यात ट्रेड जेनेरिक म्हणतात. त्यावर कंपनी जाहिरात करत नाही, डॉक्टरकडे माणूस पाठवत नाही, थेट दुकानदाराला देते आणि अगदी कमी भावात देते. पण वर छापलेली किंमत ब्रँडच्या जवळपासची असते. समजा दुकानदाराला स्ट्रिप पंधरा रुपयांना पडली आणि छापील किंमत शंभर आहे. तो तुम्हाला वीस टक्के सूट देतो, तुम्ही ऐंशी देता आणि वीस रुपये वाचले म्हणून हसत निघता. पासष्ट रुपये त्याच्या गल्ल्यात. म्हणून नुसतं जेनेरिक म्हणून भागत नाही, भाव विचारावा लागतो आणि दुसरीकडच्या भावाशी ताडून बघावा लागतो. सूट हा शब्द कानावर पडला की छापील किंमत आधी वाचायची. साड्यांच्या सेलमध्ये आपण हेच करतो.

दुकानदाराच्या बाजूनेही एक सांगायला हवं. चिठ्ठीवर ब्रँडचं नाव असेल तर चिठ्ठीवरचं औषध परस्पर बदलून द्यायला त्याला कायद्याने मनाई आहे. म्हणून पहिला प्रश्न दुकानात विचारायचा नाही, दवाखान्यात विचारायचा. "डॉक्टर, ह्यातल्या औषधाचं मूळ नाव लिहून द्याल का?" एवढंच वाक्य आहे. सगळेच डॉक्टर कंपन्यांचे मिंधे नसतात. आमचे तर विचारताच लिहून देतात. २०१६ मध्येच तेव्हाच्या वैद्यक परिषदेने डॉक्टरांना सांगितलं होतं की औषधं मूळ नावाने लिहा, वाचता येतील अशी लिहा, शक्यतो मोठ्या अक्षरात लिहा. ऑगस्ट २०२३ मध्ये नव्या आयोगाने ते सक्तीचं करणारे नियम काढले आणि त्याच महिन्यात स्थगितही केले. डॉक्टरांच्या संघटनांचं म्हणणं असं की आधी सगळ्या औषधांच्या दर्जाची हमी द्या. आणि डॉक्टरने नुसतं द्रव्याचं नाव लिहिलं तर कोणत्या कंपनीची गोळी द्यायची ते दुकानदार ठरवणार, म्हणजे त्याला जास्त सुटतील तीच. ह्या दुसऱ्या मुद्द्यात तथ्य आहे, वरचा शंभर-पंधराचा हिशोब बघा. पण त्यावरचा उपाय छापील किमतीला लगाम घालणं हा आहे. पेशंटला अंधारात ठेवणं हा उपाय कसा झाला? ब्रँडची नावंच टप्प्याटप्प्याने बंद करा, असं हाथी समितीने १९७५ मध्ये सांगितलं होतं. तेव्हा मी शाळेत होते.

"पण जेनेरिक हलकी असतात ना हो?" हे पुढचं. औषधं नापास होतात, खरं आहे. केंद्राची औषध नियंत्रण यंत्रणा दर महिन्याला दर्जात न बसलेल्या औषधांची यादी काढते, आणि त्या यादीत अनामिक कंपन्यांबरोबर नावाजलेल्यांची औषधंही येतात. म्हणजे भीती खरी आहे, पण भाव जास्त मोजल्याने ती जात नाही. जनऔषधी केंद्रात जाणारी प्रत्येक बॅच मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून मगच पुढे पाठवतात, अशी त्या योजनेची पद्धत आहे. तिथे दोन हजारांहून अधिक औषधं मिळतात आणि भाव ब्रँडच्या निम्म्याहून कमी, कित्येकदा त्याहून बराच खाली. लेकी-सुनांसाठी म्हणून सांगते, सॅनिटरी पॅड तिथे एक रुपयाला एक मिळतो.

सांभाळून बदलायच्या गोळ्याही आहेत. थायरॉइड, फिट्स, रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिन, ह्यांत थोड्याशा फरकानेही घोटाळा होऊ शकतो. ती औषधं आपल्या मनाने बदलायची नाहीत, डॉक्टर म्हणाले तर बदलायची आणि बदलल्यावर तपासणी करायची. माझ्या थायरॉइडचं प्रमाण नीट बसलेलं आहे, डॉक्टर म्हणाले राहू दे, राहू दिली. महिन्याला फार पैशांचा प्रश्नही नव्हता.

दुकानात गेल्यावर आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवा. औषधाचं मूळ नाव ब्रँडपेक्षा मोठ्या अक्षरात छापायचं, असा नियम २०१८ पासून आहे, तेव्हा स्ट्रिपवर ते नाव शोधा आणि वहीत उतरवून ठेवा. पाचच गोळ्या लागत असतील आणि दुकानदार सुट्या द्यायला तयार असेल, तर पाचांचा भाव स्ट्रिपच्या प्रमाणातच लागला पाहिजे, त्याहून जास्त घेता येत नाही. हे २०१३ च्याच आदेशात लिहिलंय. राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाचं 'फार्मा सही दाम' नावाचं अ‍ॅप आहे, त्यात यादीतल्या औषधाची कमाल किंमत बघता येते. जवळचं जनऔषधी केंद्र आणि तिथला भाव 'जनऔषधी सुगम'वर सापडतो. नातवंडं दिवसभर फोनमध्ये डोकं घालून बसलेली असतात, त्यांना हे काम लावा.

दवाखान्यात माणूस भरती असला की मात्र आपली पंचाईत होते. नर्स चिठ्ठी देते, खालच्या मेडिकलमधून आणा म्हणते, आणि त्या घटकेला कुणाचं डोकं ठिकाणावर असतं? मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावाशेजारी आयुष्य गेलं, ही धावपळ मी फार बघितली आहे. पण औषध तिथल्याच दुकानातून घेतलं पाहिजे अशी सक्ती नाही. तसा फलक दवाखान्यातल्या औषध दुकानांनी लावावा, असा आदेश महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२५ मध्ये दिला आहे. पेशंटजवळ एक जण बसत असेल तर दुसऱ्याने चौकातल्या दुकानात तोच कागद दाखवून भाव विचारून यायचा. सलाईन, सुया, हातमोजे ह्यांचा भाव तर जरूर विचारावा.

हे सगळं लिहिलं की माझ्या माहेरची काही मंडळी रागावणार, हे ठाऊक आहे. औषधाच्या धंद्यात आपली माणसं खूप आहेत, होलसेलपासून गल्लीतल्या दुकानापर्यंत. "वहिनी, तुम्ही आमच्या पोटावर पाय देताय" असं एका दिरांनी फोनवर ऐकवलंही. त्यांना मी विचारलं, नफा घ्या ना, कुणी नको म्हटलंय? सोळा-वीस टक्क्यांवर पिढ्यान् पिढ्या किराणा दुकानं चालली, मुलं शिकली, घरं झाली. पंधराची वस्तू ऐंशीला विकून वर सूट दिल्याचं पुण्य कशाला मागता? काट्यात खोट नसावी म्हणून आपल्या आजे-सासऱ्यांच्या पेढीवर वजनं घासूनपुसून ठेवलेली असायची. छापील किमतीतली खोट काट्यात दिसत नाही, एवढाच फरक.

आणि एक आपल्या विश्वस्त मंडळींसाठी, त्यांच्या घरच्या बायका हे वाचतात म्हणून. आहार, औषध, शास्त्र, अभय, ही चार दानं आपल्याकडे लहान मुलंही घडाघडा म्हणतात. आहारदानाच्या पंगती उठतात, शास्त्रांच्या छपाईला देणगीदार मिळतात. औषधदान म्हणजे वर्षातून एकदा शिबीर, त्यात तपासणी, फोटो, आणि हातात आठ दिवसांच्या गोळ्या. साखरेचा पेशंट नवव्या दिवशी काय करणार? त्याऐवजी संस्थेने जनऔषधी केंद्रच घ्यावं. ट्रस्टला अर्ज करता येतो. जागा १२० चौरस फूट लागते, नोंदणी झालेला फार्मासिस्ट लागतो, आणि विक्रीवर वीस टक्के सुटतात, म्हणजे फार्मासिस्टच्या पगाराला हातभार लागतो. आमच्या मंगल कार्यालयाचा रस्त्याकडचा एक गाळा तीन वर्षं कुलूप लावून पडलाय. आपल्याच समाजातल्या दोन मुली डी.फार्म होऊन घरी बसल्यात.

मंडळातल्या अकरा जणींच्या सह्यांचा अर्ज मागच्या रविवारी विश्वस्तांकडे दिलाय. सोबत गाळ्याच्या रंगरंगोटीचा, फ्रिजचा आणि पहिल्या मालाचा अंदाजे खर्च मी मांडून जोडलाय. पुढच्या बैठकीत विषय घेतो म्हणालेत. उत्तर आलं की इथे लिहीन. तोवर तुमच्या घरच्या स्ट्रिपवरचं मूळ नाव, आजचा भाव आणि जवळच्या केंद्रातला भाव मला लिहून कळवा. वहीत पानं भरपूर आहेत.